चेन डोझर घेण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

जुना लहान चेन डोझर, म्हणजे टायरऐवजी लोखंडी चेनवर चालणारा डोझर, घेऊन शेतजमिनीच्या सपाटीकरणाची कामे धरायची, हा तुझा विचार मला पसंत आहे. मात्र पत्रात तू इंजिनाविषयी पानभर आणि चेनविषयी एकच ओळ लिहिली आहेस. इंजिन उघडणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी भेटतो. देखभालीचा जवळजवळ निम्मा पैसा खातात ते चेन, तिच्या आतले रोलर, पुढचे मोकळे चाक म्हणजे आयडलर आणि चेन ओढणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट.

म्हणून सौदा करताना आधी मशीनखाली वाकून पाहा. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील, तर झीज पुष्कळ झाली आहे असे समज. कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांवरच्या नळ्या, म्हणजे पिन-बुश, झिजले की चेन लांबते आणि ती ताठ दिसावी म्हणून काही विक्रेते सरळ एक कडी काढून टाकतात. तेव्हा नुसत्या ताणावर विसंबू नकोस, तर ताठ चेनच्या सलग चार कड्यांचे अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून नव्या चेनच्या मापाशी ताडून घे. बुशची झीज मर्यादेत असेल, तर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवता येतात. रोलरच्या कडेला तेलाचा ओघळ दिसला, तर सील गेले आहे.

मशीन घरी आल्यावर चेन कडक ठेवण्याचा मोह टाळ. वरच्या रोलरपासून आयडलरपर्यंत पट्टी धरली असता चेनला किती झोळ असावा, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. लहान डोझरला तो बहुधा २० ते ३० मिलिमीटर असतो. काळ्या मातीत स्प्रॉकेटमध्ये चिखल दाटून चेन आपोआप आवळते, त्यामुळे ताण कामाच्या जागी, त्याच चिखलात तपासावा आणि संध्याकाळी फावड्याने चिखल काढून मगच मशीन उभे करावे. चेन ग्रीसच्या दाबाने ताणलेली असते; ताण कमी करताना त्या ग्रीसचा व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त सैल करू नये आणि त्याच्यासमोर तोंड नेऊ नये. आतल्या दाबाने ग्रीस गोळीसारखे सुटते व जीवघेणी इजा होऊ शकते.

ऑपरेटर निवडताना तो किती वेगाने मागे येतो, ते पाहा. वेगात रिव्हर्स घेण्याने बुश सर्वांत लवकर झिजतात आणि त्या फेरीत मातीही सरकत नाही. (वेगाने काम दिसते म्हणून शेतकरी खूश असतो, हे खरे.)

ताशी भाडे ठरवताना शेजारच्या गावातला दर विचारून मोकळा होऊ नकोस. डिझेल आणि पगारासोबत नव्या चेनची किंमत तिच्या अपेक्षित तासांनी भागून त्यात धर आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी काढ, कारण मृग लागला की काम थांबते, हप्ते थांबत नाहीत.

कड्यांचे माप आणि अवर मीटरचा, म्हणजे मशीन किती तास चालले त्याचा, आकडा कळव. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझा,
काका