मायनर कीमधल्या जॅझवर किरवाणी राग वाजवला तर चालेल का?

सूर बसतील, सोलो बसणार नाही.

तुम्ही विचारलंय की किरवाणी म्हणजेच पाश्चात्त्य संगीतातला हार्मोनिक मायनर स्केल, मग वेगळं शिकायचं काय? पुण्यात माझे गिटारचे सरही हेच सांगायचे. "राग येतो ना? मग कॉर्डच्या मागे लागू नकोस." त्या भरवशावर माझी तीन वर्षं गेली.

मग मडगावला एका ओळखीच्यांच्या घरी जॅझ ट्रम्पेटवादक केनी डॉरहॅमचं 'ब्लू बॉसा' वाजवायला बसलो. सी मायनर, सोळा बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). सहाव्या बारला, जी सेव्हन या कॉर्डवर, छान मींड घेत मी सा वर आलो आणि तिथेच ठाण मांडलं. पियानोवरचे काका थांबले. डाव्या हाताने नुसता जी सेव्हन धरून म्हणाले, "सी धर." म्हणजे माझा सा. धरला. माझाच सा मला टोचायला लागला! "आता एक पडदा खाली ये." शुद्ध नी लागला आणि खोलीतला आवाज एकदम मोकळा झाला. तीन वर्षांत हे मला कुणीही ऐकवलं नव्हतं.

कारण साधं आहे. तानपुऱ्यात सा हलत नाही, इथे पायाखालची जमीन दर बारला सरकते. जी सेव्हनचा जीव शुद्ध नी मध्ये आहे आणि सा त्याला अर्ध्या सुरावरून घासतो. येता-जाता लागला तर ठीक, मुक्काम नको.

तेव्हा डी हाफ डिमिनिश्ड, जी सेव्हन, सी मायनर एवढंच (जॅझमधलं टू-फाइव्ह-वन) लूपवर लावा आणि आधी दर कॉर्डला एक सूर गा: सा, नी, सा. मग म, म, कोमल ग. आठवडाभर गिटारला हात लावू नका. कोमल ध पहिल्या दोन कॉर्डवर हवाच, पण सी मायनरवर परतल्यावर शुद्ध ध लावून बघा, मायनर सिक्स्थ कॉर्डचा तो रंग किरवाणीत नाही. आणि नवव्या बारपासून हीच चाल डी फ्लॅट मेजरकडे वळते, तिथे किरवाणी काय करणार?

सर म्हणतात, कॉर्ड मोजत बसलं की भाव जातो. मला तर त्या नी मधला भाव कॉर्ड ऐकला तेव्हाच कळला.

हां, मोडल जॅझचं वेगळं, तिथे बराच वेळ एकाच स्केलवर राहतात. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'मध्ये सुरुवातीचे सोळा बार एकच डोरियन स्केल चालतो, म्हणजे आपल्या काफीचेच सूर. तिथे रागाची बढत खरंच उपयोगी पडते, तिथे सरांचं बरोबर. टू-फाइव्ह-वनवर नाही, आणि हे मी नंतर त्यांनाही सांगितलं.