गाडी तापते, पण तापते कवा?

प्रश्न: मिस्त्रीभाऊ, नमस्कार. माह्याकडं सेकंडहँड डिझेल गाडी हाय, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. मागच्या उन्हाळ्यात चिखलदऱ्याले जाताना घाटात काटा वर गेला, तवा गावातल्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅटचा वॉल (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेकला आन म्हणे आता इंजिन थंडच राहीन. दोन-चार महिने बरं चाललं. दिवाळीपासून मात्र अमरावती रोडवर 80 च्या वर पळवली का काटा अर्ध्याच्या वर जाते, एसी लावला तं आणखीन लवकर. गावात हळू चालवली तं काहीच नाई. फॅन फिरते, म्या सोता पाहिलं. पाणी बोअरचं टाकतो, पंधरा दिवसाले अर्धा लिटर लागते. एक जण म्हणते हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, दुसरा म्हणते वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदल. काय करू?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर: भाऊ, सध्या कोणाच्याच हातात पैसे देऊ नका. अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, गाडी कवा तापते ते तुम्ही नीट लिहिलं. बहुतेक लोक येतात आणि नुसतं "तापते बाप्पा" म्हणतात, मग मलाच खोदून खोदून विचारावं लागतं.

गाडी उभी असताना किंवा बाजारात गर्दीत तापली आणि रोडवर लागल्यावर काटा खाली आला तर पहिला संशय फॅनवर, त्याच्या फ्यूज-रिलेवर. तुमचं बरोबर उलटं आहे. 80 नं पळताना समोरून वारा असतोच, फॅनचं तिथं फारसं काम नाही. पण इंजिन जोर लावतं, उष्णता जास्त तयार होते आणि तेवढी बाहेर टाकायला रेडिएटर कमी पडतो, म्हणजे तो आतून तरी चोंदला, बाहेरून तरी, नाही तर पाणीच कमी आहे किंवा नीट फिरत नाही. माझा पैजेचा घोडा रेडिएटर. कारण तुम्ही दर्यापूरचे.

तुमचा सगळा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, तिथलं बोअरचं पाणी कसं असतं हे मी तुम्हाला काय सांगणार! आंघोळीच्या बंबात जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि त्या नळ्या एवढ्याशा असतात का थोडा थर बसला तरी वाट बंद. त्यात पंधरा दिवसाला अर्धा लिटर म्हणजे दर वेळी नवा खार आत.

आता बाहेरचं. समोरून पाहाल तर एसीचा कंडेन्सर दिसतो, रेडिएटर त्याच्या मागं, आणि घाण अडकते ती दोघांच्या मधात. मागच्या हंगामात एक गाडी आली, मालकाचा मळणीयंत्राचा धंदा. समोरून जाळी चकाचक, रोज धुतलेली. दोघं वेगळे केले तर मधात सोयाबीनचं कुटार, कापसाचा भुरका आणि ऑइलचा ओलावा, सगळं मिळून गोधडीसारखं जमलेलं, हातानं सोललं तर अख्खी पट्टीच निघाली, अर्धं घमेलं भरलं. त्या माणसानं त्याआधी दोनदा थर्मोस्टॅट बदलला होता. धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा, साध्या नळीनं. वॉशिंगवाल्याचं प्रेशर जवळून मारलं तर पाकळ्या वाकतात आणि मग वाराही जात नाही.

वॉल काढून फेकणं मला पटत नाही, आपल्याकडं तर हा रोगच झाला आहे. तो वॉल साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच ठोकलेला असतो. काही इंजिनांत तोच वॉल उघडता उघडता मागची आडवाट बंद करतो, तो काढला का गरम पाणी रेडिएटरकडं न जाता आडवाटेनं परत इंजिनात घुसतं. वरून थंडीत इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं. नवा बसवा. आणल्यावर दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, गॅस पेटवा आणि पाणी उकळायच्या आत उघडतो का पाहा. नाही उघडला तर दुकानदाराला परत.

अर्धा लिटर जाते कुठं तेही शोधावं लागेल. आधी रेडिएटरचं झाकण पाहा. ते साधारण 1 बार प्रेशर धरतं, त्यामुळं उघड्यावर 100 ला उकळणारं पाणी आत 120 च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं का प्रेशर राहत नाही, पाणी लवकर उकळून बाटलीतून बाहेर. झाकण स्वस्त आहे, बदलूनच टाका. मग होजचे क्लिप, आणि वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकाजवळ वाळलेला ओघळ. ओघळ असला तर बॉडी गेली, दुसरा मित्र खरा. कोरडं असलं आणि हलवून लूज लागत नसलं तर तिला सध्या राहू द्या.

हेड गॅस्केटची परीक्षा फुकट आहे. सकाळी थंड गाडीचं झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा, स्टार्ट करा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावून मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर पहिला मित्र खरा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस असला तरी संशय घ्या, पण थंडीत नुसतं गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीलाही तो थोडा येतो, तेवढ्यावर हेड उतरवू नका. झाकण मात्र थंड गाडीचंच उघडायचं, माझ्या डाव्या मनगटावर एका मिनिटाच्या घाईचा डाग अजून आहे.

आतून चोंदलेलाच निघाला तर फ्लश करून पाहा. जुन्या पितळी रेडिएटरला सळई फिरवून साफ करत, आताचे ॲल्युमिनियमचे अन् प्लास्टिकच्या टाकीचे असतात, जास्तच धरलं असेल तर नवाच घ्यावा लागतो. मग कूलंट भरा, आणि बोअर विसरा. तोवर रोडवर काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरम, काचा खाली, सावली पाहून बाजूला घ्या. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड तडकते.

प्रश्न: कूलंट बदललं तवापासून काटा मधातच झपकन वर जातो आन आपोआप खाली येतो. हीटरची हवाही कधी गरम, कधी थंड. वायरिंग असंल का?
— वाचक, मूर्तिजापूर

उत्तर: वायरिंगच्या आधी हवा काढा. कूलंट भरताना आत हवा अडकली असणार, म्हणून हीटर लपंडाव खेळतो. थंड गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, झाकण उघडं, हीटर फुल गरमवर, इंजिन चालू ठेवा, पाणी खाली जाईल तसं भरत राहा, बुडबुडे बंद झाले का झाकण लावा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो असला तर काम लवकर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची लेव्हल पुन्हा पाहा.

प्रश्न: कूलंटमधी आरओच्या कॅनचं पाणी चालते का?
— वाचक, अकोट

उत्तर: बोअरपेक्षा कधीही बरं. पण बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी त्याहून चांगलं, कॅन काही महाग नाही. निम्मं कूलंट, निम्मं पाणी. आणि डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर त्यात काहीच टाकू नका, ते आधीच मिसळलेलं असतं.