बोलता येत नाही म्हणून मागे राहू नकोस

जय ख्रिस्त भावा. चारचौघांत बोलता येत नाही मग सुवार्तेच्या, म्हणजे येशूची शुभवार्ता लोकांपर्यंत नेण्याच्या कामात मी काय करणार, हे आधी डोक्यातून काढ. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, ३रा अध्याय वाच, पौलाने रोप लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. येशूचा शिष्य आंद्रिया, त्याचं भाषण कुठे सापडत नाही, पण भाऊ पेत्राला येशूकडे त्यानेच आणलं ना!

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच बघ, १८९३ मध्ये ट्रेनमधल्या एका अनोळखी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, नंतर पत्रांतून शंकांना उत्तरं दिली ती दुसऱ्यांनी, आणि बाप्तिस्मा झाला १८९५ ला, इथे मुंबईत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मावशी आहेत, स्टेजवर कधीच नाहीत. शेवटच्या बाकाजवळ बसतात, नवीन माणूस गोंधळला की गीताचं पान काढून ओळीवर बोट ठेवून देतात, उपासनेनंतर चहा, आणि बुधवारी फोन. त्या फोनमुळे कितीतरी जण परत आलेत.

सुरुवातीला एवढंच कर:
- पाळकांना भेटून एकच काम घे, स्वागत, प्रार्थना, आजाऱ्यांना भेटणं, पेटी-तबला, काहीही
- दोन-तीन जणांची नावं घेऊन रोज प्रार्थना

आणि लोकलच्या गर्दीत दमलेल्या माणसाच्या हातात पत्रक कोंबू नकोस, त्याने विचारलं तर बोल. दुसऱ्याच्या देवाधर्माला नावं ठेवायची नाहीत, कसलंही आमिष तर अजिबातच नाही. आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यायची ते नंतर बघू, या रविवारी मावशींच्या शेजारी बस.