एसटीपी डिसेंबरसाठी घ्यायचा की जुलैसाठी?

प्रश्न : दादा, गोव्यात हणजुणाला आमचं चौदा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे, खाली चाळीस खुर्च्यांचं रेस्टॉरंट. वडिलांच्या वेळची सेप्टिक टाकी आणि सॉक पिट (शोषखड्डा) आहे. पावसात टाकी तुंबते, डिसेंबरात वास मारते. एक सप्लायर 30 केएलडीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) घ्या म्हणतो, शेजारी म्हणतात टाकीच मोठी बांध. काय करू?

दोघांचंही ऐकू नका. आधी हिशोब करू. हॉटेलात माणशी रोज 180 लिटर आणि रेस्टॉरंटात खुर्चीमागे 70 लिटर पाणी धरतात. तुमचे 28 पाहुणे म्हणजे 5040 लिटर, चाळीस खुर्च्यांचे 2800, एकूण 7840, आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे सव्वासहा हजार लिटर. स्टाफ, कपडे धुणं धरून 10 केएलडी, म्हणजे दिवसाला 10 हजार लिटरचा प्लांट, तुम्हाला भरपूर झाला. 30 चा घेतलात तर पैसे जातीलच, वर तो कायम अर्धपोटी चालेल.

मोठ्या टाकीनेही भागणार नाही, कारण सेप्टिक टाकी पाणी शुद्ध करतच नाही, फक्त निवळते. गाळ खाली, तेलकट साय वर, आणि मधलं पाणी सॉक पिटातून जमिनीत. पुढची सफाई माती करेल असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे जांभा, त्याला भोकंच भोकं, पाणी गाळून निघायच्या आत पुढे पळतं, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे जुलैत विहिरीचं पाणी वर आलं की सॉक पिटही खालूनच भरलेला असतो, तो शोषणार कुठे? तुमची टाकी पावसात तुंबते ती यामुळेच. पिण्याच्या विहिरीपासून सॉक पिट किमान 18 मीटर लांब हवा. तुमची आणि शेजाऱ्यांची, दोन्ही विहिरी टेप लावून मोजा.

आता एसटीपी. लहान प्लांट बहुतेक एमबीबीआर पद्धतीचे, म्हणजे तरंगत्या चाकांवर जिवाणू वाढवणारे असतात. आधी जाळी, मग पाणी साठवून सारखं सोडणारी टाकी (सकाळी आठला सगळे एकदम आंघोळीला जातात ना!), मग हवेची टाकी, मग निवळणं, वाळू-कार्बनचा फिल्टर आणि शेवटी क्लोरीन. खरं काम हवेच्या टाकीत होतं. तिथे प्लास्टिकची छोटी जाळीदार चाकं तरंगतात आणि त्यांच्यावर वाढलेले जिवाणू घाण खातात. हातमोजे घालून एक चाक काढून बघा : तपकिरी बुळबुळीत थर असेल तर प्लांट जिवंत आहे, पांढरं स्वच्छ असेल तर नुसतं पाणी ढवळलं जातंय आणि लाइटबिल येतंय. वासानेही कळतं. नीट चालणाऱ्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो, कुजक्या अंड्याचा आला तर हवा पोचत नाही, आधी ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) बघा. लाइट गेली की ब्लोअर बंद, म्हणून तो जनरेटरवर घ्याच, एसीच्या आधी. आणि हाऊसकीपिंगवाल्यांना सांगा, बाथरूममध्ये ब्लीच आणि फिनेलच्या बाटल्या ओतायच्या नाहीत, तुमचे फुकटचे कामगार मरतात.

आणि पावसाळा, ज्याच्याबद्दल सप्लायर चकार शब्द काढत नाही. जून ते सप्टेंबर पाहुणे कमी म्हणजे जिवाणूंना खाणं कमी. ब्लोअर टायमरवर टाका, काहीजण थोडा गूळ घालतात, चालतं. छपराचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतील तर आजच तोडा, एका मुसळधार सरीत टाकी धुऊन निघते. चवथ (गणेशचतुर्थी) उरकली की दुसऱ्या कुठल्या चालू प्लांटमधला गाळ आणून हवेच्या टाकीत घाला, थर धरायला दोन ते चार आठवडे लागतात, सीझन लागेपर्यंत तयार होईल. शुद्ध झालेलं पाणी उन्हाळ्यात माडांना आणि फ्लशला जाईल, पण जुलैत माडांना कोण पाणी घालतं? म्हणून फ्लशची वेगळी पाइपलाइन आत्ताच टाकून घ्या, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात. आणि काम काढण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, चालू करण्याआधी दुसरी संमती, दोन्ही 1974 च्या जल कायद्याखाली लागतात.

प्रश्न : फोंड्यात माझी खानावळ आहे. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी) बसवलाय तरी दर जानेवारीत लाइन चोक होते. बाकी वर्षभर काही नाही. असं का?

तुमच्या किचनमध्ये खोबरेल आणि नारळाचं वाटण असणारच. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, आणि जानेवारीत रात्री पारा त्याच्या खाली उतरतो. त्यात भांडी कढत पाण्यात धुतली की तेल पातळ होऊन ट्रॅपमधून निसटतं आणि पुढे पाइपात थंड होऊन बसतं. कढई धुण्याआधी कागदाने पुसा, यातच अर्धं काम होतं. ट्रॅप आठवड्याला साफ करा, जानेवारीत दोनदा, आणि निघालेली साय त्याच गटारात ओतू नका (हसू नका, सर्रास ओततात).

प्रश्न : सेप्टिक टाकी उपसायला आलेला माणूस म्हणाला, तळाचा गाळ पाइपने निघत नाही, आत उतरतो, वरचे थोडे पैसे द्या. देऊ का?

अजिबात नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो, मग त्याला काढायला उतरलेलाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याने स्वतःहून तयारी दाखवली म्हणून तुम्ही सुटत नाही. गाळ घट्ट झाला असेल तर वरून प्रेशरने पाणी मारून सैल करतात आणि मग सक्शनने ओढतात. तशी गाडी असलेला दुसरा टँकर बोलवा.