एकट्यानं खेळायच्या युद्धखेळात टेकडीवरचा हल्ला दरवेळी अर्ध्यावर का मोडतो? आणि समोर कोणी नसताना जिंकण्याला अर्थ काय?

तुम्ही फील्ड्स ऑफ फायरबद्दल विचारलंय, म्हणून राहवलं नाही. त्यात आपण एका कंपनीचे कमांडर, हाताखाली तीन प्लाटून म्हणजे तुकड्या; रणभूमी पत्त्यांनी मांडायची आणि फाशांऐवजी दुसऱ्या गठ्ठ्यातला पत्ता उलटून निकाल बघायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात होईल. दुसऱ्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं गेली सहा वर्षं वाजतंय.

पहिलं उरकतो. तुम्ही तिन्ही प्लाटून एकदम वर काढत असणार, कारण मीही तेच करायचो. कंपनी कमांडरच्या हाती एका फेरीत किती हुकूम येणार हे पत्ता उलटल्यावर कळतं, आणि ते कधीच पुरत नाहीत. सगळे गोळीबारात अडकले की ज्याला हलवायला हवं त्याच्यापर्यंत हुकूमच पोचत नाही. एक प्लाटून आणि दोन्ही मशीनगन खाली ठेवा, त्यांनी फक्त मारा करायचा. दुसरी डोंगराच्या सोंडेआडून बगलेनं चढवा, म्हणजे शत्रूवर दोन दिशांनी गोळ्या येतील. तिसरीला हात लावू नका, कितीही मोह झाला तरी. तोफांचा निरीक्षक, म्हणजे मारा कुठे करायचा ते तोफांना कळवणारा, पुढच्या प्लाटूनबरोबर पाठवू नका. तो दबून बसला की तोफा असून नसल्यासारख्या. आणि माथा दिसतोय म्हणजे शत्रू माथ्यावरच आहे असं धरू नका. पलीकडच्या उतारावर बसलेला शत्रू तुमच्या खालच्या मशीनगनला दिसत नाही. तुम्ही वर पोचलात की तो भेटतो, आणि तेव्हा तुमच्याकडे मोजकी माणसं उरलेली असतात. म्हणूनच ती तिसरी प्लाटून.

आता दादा. तो बुद्धिबळवाला. त्याच्या मते समोर माणूस नसेल तर तो खेळ नव्हे, आरशाशी कुस्ती. मी 2008 साली जीएमटी या अमेरिकी कंपनीनं काढलेल्या या खेळाचं कौतुक सांगतो, नॉर्मंडी, कोरिया, व्हिएतनाम अशा तीन युद्धांतून अमेरिकेची एकच 9वी इन्फन्ट्री रेजिमेंट (पायदळाची पलटण) कशी जाते ते सांगतो, आणि तो विचारतो, ‘‘पण शह कोण देतं?’’

कोरियाच्या भागात एका टेकडीवर माझे हात दोनदा पोळले होते. तिसऱ्या प्रयत्नाला दोन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री दुसऱ्या प्लाटूनचे दोन स्क्वाड, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकड्या, माथ्याच्या खालच्या पत्त्यावर येऊन टेकले. तिसऱ्या स्क्वाडची उरलेली माणसं जखमींना खाली नेत होती. माथ्यावर शत्रूची मशीनगन, आणि तिच्यावर माझ्या 60 मिमीच्या उखळी तोफांचा मारा चालू. पत्ता उलटला, मशीनगनवाले दबले. ठरलेल्या फेऱ्या संपत आल्या होत्या. म्हटलं, हीच वेळ. दोन्ही स्क्वाड वर घातले, हातबॉम्ब टाकले, माथा माझा. रात्री एक वाजता दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘अभिनंदन. हरलं कोण?’’

दुसऱ्या दिवशी सोंगट्या आवरताना त्या माथ्याच्या पत्त्यावर तोफमाऱ्याची खूण तशीच दिसली. हा खेळ खेळलेल्याला पुढचं सांगायला नको. इथे मारा कोणाच्या बाजूचा हे कोणी विचारत नाही. रणभूमीच्या त्या पत्त्यावर जो असेल त्याच्यासाठी निकालाचा पत्ता उलटावा लागतो. माझे दोन स्क्वाड माझ्याच तोफगोळ्यांत धावत गेले होते, आणि मी त्यांच्यासाठी एकही पत्ता उलटला नव्हता. खऱ्या हल्ल्यात शेवटच्या धावेआधी तोफांचा मारा थांबवतात किंवा पुढे सरकवतात. मला ते तोंडपाठ होतं. खूण उचलायची तेवढी राहिली.

दादाला सांगितलं. तो हसून म्हणाला, ‘‘मग काय झालं? बघितलं कोणी?’’

सोंगट्या परत मांडल्या. पहिल्या स्क्वाडला काही झालं नाही. दुसरा मोडला, त्याच्याबरोबरचा प्लाटून कमांडर गेला. एकट्या स्क्वाडचे हातबॉम्ब फुकट गेले आणि फेऱ्या संपल्या. वहीत ‘पराभव’ लिहिलं.

आता त्याचा ‘कोणी बघितलं’ घ्या. बुद्धिबळात मेलेलं प्यादं पुढच्या डावात ताजंतवानं उभं राहतं. इथे मोहिमेत जो मेला तो मेला, त्याच्या जागी कच्चा माणूस येतो. तो दुसरा स्क्वाड मी फुकटात जगवला असता, तर पुढच्या टेकडीवर तो मुरलेला म्हणून उतरला असता, आणि तिथून पुढचा प्रत्येक विजय त्या एका न उलटलेल्या पत्त्यावर उभा राहिला असता. समोरचा पकडेल म्हणून नियम पाळणं ही दादाची शिस्त. ती सोपी आहे. हे त्याच्या तोंडावर सांगितलंय, त्यानं विषय बदलला.

बाकी शत्रू नियमांच्या तक्त्यावर चालतो, त्यामुळे तो कधीकधी मूर्खपणा करतो, हे दादाचं म्हणणं खरं आहे. नियमाबद्दल शंका आली की मला जास्त जड जाईल तो अर्थ मी धरतो. नाहीतर अर्ध्या संध्याकाळी नियमपुस्तिका चाळण्यातच जातात.

आणि हो, तुम्ही नवे असाल तर माझ्यासारखं मनाला लावून घेऊ नका. पहिले तीन-चार डाव चुका होणारच, तेव्हा वहीबिही काही नको. खेळायला बसण्याआधी एका कागदावर फेरीतले टप्पे ओळीनं लिहून समोर ठेवा आणि ‘मारा उचलला का?’ ही ओळ लाल शाईनं लिहा. टेकडी घेण्याऐवजी राखायची कामगिरी पुढ्यात आली, तर वरचं बरंचसं उलटं होतं; तेव्हा वेगळा प्रश्न टाका.