आवडता सिनेमा सांगताना

अरे, आमच्या ओटीवर पहिल्यांदाच बसणारेस म्हणून सांगतो. दहा सिनेमांची यादी आणू नकोस, एकच धर. 'श्वास'ला २००४मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो ऑस्करलाही गेला, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. तू सांग, शस्त्रक्रियेआधी नातवाला इस्पितळाबाहेर जग दाखवायला नेणारे आजोबा बघताना तुझा घसा नेमका कुठे दाटला. मग बोलू. (माझा दरवेळी दाटतो, पण कबूल करत नाही.)

'किल्ला'वर मात्र जपून बोल. त्यातला पाऊस आपला कोकणातला, त्यामुळे टीका केलीस की अर्धी ओटी अंगावर येते. न पाहिलेल्यावर मत ठोकलंस तर दोन मिनिटांत पकडला जाशील. आणि येताना मालवणी खाजं आण.