वाचक विचारतात : फुंकनळीने तितर मारला तर चालतो का?

प्रश्न : आमच्या धुऱ्यावर तितर-लावे भरपूर. फुंकनळी (फुंकून बाण सोडायची नळी) काही बंदूक नव्हे, मग तिने एखादा तितर मारला तर काय बिघडलं? नळी मानवेल बांबूची करता येईल का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा हत्यार विचारत नाही. फासा, जाळं, गलोल, फुंकनळी, काहीही वापरा, ती शिकारच. नुसता प्रयत्नही गुन्हा, आणि शेत घरचं असलं तरी सुटका नाही. अंडी उचलणंही त्यातच आलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा तितराचा नाद सोडा.

नेमबाजीसाठी मात्र नळी जरूर करा. जपानात हा रीतसर खेळ आहे. मानवेल जवळजवळ भरीव, तो उपयोगाचा नाही. काटस बांबू पोकळ असतो, पण पेरांचे पडदे तापल्या सळईने फोडले तरी आत कंगोरे उरतात आणि बाण तिथेच अडखळतो. त्यापेक्षा वायरिंगचा सरळ पीव्हीसी पाइप घ्या : आतून साधारण १३ मिमी, लांबी १२० सेंमी. टोकं घासून गुळगुळीत करा. याहून फार लांब नळीत श्वास संपतो आणि घर्षण उरतं.

बाण म्हणजे जाड गुळगुळीत कागदाचा २० सेंमी लांब, निमुळता शंकू. टोकाकडून नळीत घाला, अडेल तिथे काठालगत पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेच्या किंचित आतून कापा. सैल झाला तर हवा बाजूने निसटते, घट्ट झाला तर निम्मा जोर नळीतच जातो. बाण हवेत डुलत असेल तर टोक हलकं आहे. आतून छोटी चूक (बारीक खिळा) चिकटवा. थुंकीने कागद फुगतो, म्हणून ओला बाण बाजूला ठेवा.

श्वास नळी तोंडापासून दूर धरूनच घ्यायचा. तोंडात नळी असताना ओढला तर बाण घशात जाईल. पोरांना हे आधी शिकवा. गाल फुगवू नका, पोटातून एकच झटका द्या. ५ मीटरपासून सुरुवात करा. निशाण्याच्या थर्माकोल पाटीमागे भरलेलं पोतं हवं.

प्रश्न : हुरड्यावरची पाखरं कशी हाकलावी?

उत्तर : सकाळ-संध्याकाळ गोफण, आणि कणसांच्या हातभर वर पीळ दिलेली चमकती फीत. दोन्हीची जागा बदलत राहा, पाखरं लवकर सरावतात.